पंधरा सेंटिमीटरवरचा सूर्य

नेदरलँडमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरी आई-वडील तीन महिन्यांच्या मुक्कामाला आले, की त्यांना काय काय दाखवायचे याची यादी तयारच असते. दिवस एप्रिलचे असतील तर ट्युलिपच्या बागा, मग पवनचक्क्या, ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतली बोट, आणि नातवंडांसाठी हेगचे मादुरोडाम. उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांताकडे सहसा कोणी वळत नाही. महाराष्ट्राला फ्रिसलंड माहीत आहे ते गोठ्यातून. आपले दूधसंघ जिला एचएफ म्हणतात, त्या काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन-फ्रिजियन गाईतला ‘फ्रिजियन’ इथला. लेवार्डनहून हार्लिंगनकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून त्याच गायी चरताना दिसतात. थोड्याच वेळात फ्रानेकर येते. स्टेशनवरून चालत गावात शिरायचे, जुन्या नगरभवनापर्यंत जायचे आणि त्याच्यासमोरचे विटांचे एक घर शोधायचे.

आत गेल्यावर बहुतेक जण आधी समोर बघतात, आणि समोर काहीच नसते. म्हणजे असते ती अठराव्या शतकातल्या मध्यमवर्गीय घराची एक बैठकीची खोली. भिंतीत बसवलेली कपाटे, आणि त्यांच्यामध्ये दारे लावून बंद करता येईल असा, भिंतीतच बसवलेला पलंग. लहान मुले त्या पलंगाकडे धावतात. कपाटात झोपण्याची कल्पना कुठल्याही देशातल्या मुलाला आवडते. मग माहिती सांगणारा माणूस बोट वर करतो आणि सगळ्यांच्या माना एकदम मागे जातात.

वर तक्तपोशी आहे. पुण्या-नाशिकच्या वाड्यांतून असायची तशीच लाकडी, पण निळ्या रंगाची. मधोमध सोनेरी सूर्य. त्याच्याभोवती वर्तुळे, आणि वर्तुळांवर लोंबणारे सहा ग्रह: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी. हे चित्र नव्हे, घड्याळ आहे. बाहेर आकाशात ग्रह या घडीला सूर्याभोवती जिथे असतील, तिथेच ते या छतावर असतात. १७८१ मध्ये ते पुरे झाले आणि आजही चालते. जगातले चालू स्थितीतले सर्वांत जुने तारांगण म्हणून त्याची ओळख आहे, आणि २०२३ च्या सप्टेंबरात युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

‘तारांगण’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे, कारण या छतावर तारे नाहीतच. आपण तारांगण म्हणतो ते घुमटाखाली अंधारात आडव्या खुर्चीत बसून बघण्याचे ठिकाण, आणि तो प्रकार तसा अलीकडचा. जर्मनीतल्या झाइस कंपनीचा प्रक्षेपक म्युनिकच्या संग्रहालयात पहिल्यांदा दाखवला गेला तो १९२३ मध्ये. त्याआधी प्लॅनेटेरियम म्हणजे ग्रहांची चालती प्रतिकृती. फ्रानेकरच्या या खोलीला ग्रहांगण म्हणणे जास्त बरोबर ठरेल.

प्रमाण असे, की एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. या एका वाक्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण बरोबरच्या नातवंडाच्या दप्तरात कंपासपेटी असेल तर खरी गंमत इथे सुरू होते. कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटिमीटरची असते. पृथ्वी सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे या छतावर पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये शाळेची एक पट्टी बरोबर बसते, ना कमी ना जास्त. बुध पावणेसहा सेंटिमीटरवर, मंगळ तेवीसवर. गुरूसाठी पाच पट्ट्या लागतात, त्याही थोड्या कमीच पडतात. शनी जवळजवळ दीड मीटरवर. प्रकाशही याच मापाने चालवून बघावा. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा तो प्रकाश या खोलीत तासाला मीटरभर सरकेल. सूर्यापासून निघून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोचायला त्याला आठ मिनिटे लागतील. भिंतीवरची मुंगी त्याला केव्हाच मागे टाकेल.

हे घर ज्याचे, तो आइसे आइसिंगा प्राध्यापक नव्हता. १७४४ मध्ये जवळच्या द्रोनरीप गावी जन्मलेला हा माणूस धंद्याने लोकर विंचरणारा. बापाचाही धंदा तोच. हुशार असूनही मुलाला लॅटिन शाळेत घातले गेले नाही. लोकरीच्या कामाला लॅटिन काय करायचे? गणित तो स्वतःच शिकला आणि वयाच्या विशीच्या आत त्याने सहाशेहून जास्त पानांची गणिताची वही लिहून काढली. फ्रानेकरमध्ये तेव्हा १५८५ पासूनचे विद्यापीठ होते. देकार्तने कधीकाळी तिथे नाव घातले होते. आइसिंगा त्याच गावात घर घेऊन लोकर विंचरत राहिला.

मग आले १७७४ साल. त्या वर्षी ८ मे रोजी चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू मेष राशीत एकत्र दिसणार होते. बोझुम गावचा धर्मोपदेशक एल्को आल्ता याने एक पुस्तिका छापून टाकली: हे ग्रह एकमेकांवर आदळतील किंवा त्यांच्या ओढीने पृथ्वी कक्षेतून सुटून सूर्याकडे खेचली जाईल, विनाशाची ही सुरुवात असू शकते. फ्रिसलंडभर घबराट पसरली.

इथवर ऐकले, की सत्तरी ओलांडलेल्या मराठी आजोबांना नातवाकडे वळून एक शब्द उच्चारल्याशिवाय राहवत नाही: अष्टग्रही. फेब्रुवारी १९६२. तीन ते पाच तारखेच्या दरम्यान सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि केतू अशी आठांची मकर राशीत गर्दी झाली होती आणि देशभर होम, यज्ञ, अखंड जप चालले होते. जग बुडणार म्हणून मोठी माणसे हळू आवाजात बोलत होती आणि जग बुडणार तर गृहपाठ कशाला करायचा, असा बिनतोड सवाल मुले करत होती. सहा तारीख नेहमीसारखी उजाडली. फ्रिसलंडमध्येही ९ मे तशीच उजाडली होती. दोन्हीकडे गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. नंतर सगळे एकमेकांना हसतात आणि विसरतात.

आइसिंगा विसरला नाही. वाद घालण्यात किंवा उलट पुस्तिका छापण्यात त्याने वेळ घालवला नाही. ग्रह एका ओळीत दिसले तरी ते एकमेकांपासून किती दूर असतात, हे कुणालाही मान वर करून पाहता यावे, म्हणून त्याने घराच्या छतालाच हात घातला. सात वर्षांत काम पुरे करण्याचा त्याचा बेत होता, आणि धंदा सांभाळून त्याने ते सात वर्षांत पुरे केले. घरचे छत पुढची सात वर्षे उघडे राहणार, हे त्या घरातल्या बाईला त्याने कसे पटवले असेल, हा विचार निदान अर्ध्या पाहुण्यांच्या मनात येतोच.

बाईचे नाव पिट्ये याकोब्स. तिने सगळेच मुकाट्याने सोसले असे नाही. यंत्राचा लंबक माळ्यावरून खाली येतो तो नेमका त्या भिंतीतल्या पलंगावर. आइसिंगाला लांब लंबक हवा होता. पिट्येने हरकत घेतली आणि लंबक आखूड करावा लागला, अशी गोष्ट इथे सांगितली जाते. ऐकणारे हसतात, पण त्यातली खरी मेख गणिताची आहे. सेकंदाला एक झोका घेणारा लंबक जवळजवळ मीटरभर लांब असतो. तो तोडला की झोके भरभर पडतात. झोके भरभर पडले की ग्रह पळू लागतात. ग्रहांनी पळू नये म्हणून चाकांच्या दात्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. बायकोच्या झोपेपायी सूर्यमालेचे गणित बदलावे लागले, असा प्रसंग खगोलशास्त्राच्या इतिहासात दुसरा सापडणे अवघड.

ते दाते बघायला जिना चढून माळ्यावर जावे लागते, आणि तिथे न जाता परतणाऱ्याने फ्रानेकर निम्मेच पाहिले असे समजावे. खाली निळे-सोनेरी राजस छत. वर सुताराचे आणि लोहाराचे काम. लाकडाच्या मोठमोठ्या चकत्या आणि कडी, त्यांच्या कडेने सारख्या अंतरावर ठोकलेले लोखंडी खिळे. हे खिळे म्हणजेच दाते. एका चाकाचे खिळे दुसऱ्याच्या खिळ्यांत अडकतात आणि त्याला पुढे ढकलतात. हाताने घडवलेले असे सुमारे दहा हजार खिळे या यंत्रात आहेत. त्यांना चालवायला वजने आणि तो एक लंबक. पितळेची चाके घड्याळजींकडे होती, पण लोकरीच्या कारागिराला परवडणारी वस्तू खिळा हीच होती. एक खिळा अंतर चुकून बसला तर शनीच्या एकोणतीस वर्षांच्या फेरीत ती चूक केव्हा वर येईल, याचा विचार करत तो माणूस दिवसा लोकर विंचरून रात्री खिळे ठोकत बसला असणार.

छतावर ग्रहांखेरीज तबकड्याही आहेत. त्या वाचताना मराठी पाहुण्याला परके वाटत नाही. हे तर पंचांगच. वार, तारीख, सूर्य कोणत्या राशीत, सूर्योदय-सूर्यास्त केव्हा, चंद्राची कला कितवी, चंद्र उगवणार केव्हा. एक तबकडी चंद्राच्या पाताची आहे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते त्या बिंदूंना युरोपात ड्रॅगनचे डोके आणि शेपूट म्हणत. आपण त्यांना राहू आणि केतू म्हणतो. राहूला लोकरीवाल्याच्या घरात घड्याळाचा काटा मिळालेला पाहून आजी हमखास हात जोडते की काय, अशी धास्ती सुनेला वाटत असेल, पण आजी बहुधा नातवाच्या आधी ती तबकडी समजून घेते.

अष्टग्रहीचे एक कोडेही याच तबकडीखाली उभे राहिले की सुटते. त्या आठांतला केतू हा ग्रह नव्हेच, तो हा बिंदू. सूर्य, चंद्र आणि केतू जवळजवळ एकाच जागी आले तर होणार काय? ग्रहण. ५ फेब्रुवारी १९६२ ला अमावस्या होती आणि न्यू गिनीच्या भागातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ज्याला अपशकुनावर अपशकुन म्हटले गेले, ती एकच गोष्ट दोनदा मोजली गेली होती.

मुलांचे काय? खरे सांगायचे तर पहिल्या पाच मिनिटांनंतर लहान मूल कंटाळते, कारण छतावर काहीच हलताना दिसत नाही. यंत्र खऱ्या वेळेने चालते. या छतावर पृथ्वी दिवसाला अडीच मिलिमीटर सरकते, बुध चार. शनी तर दिवसाकाठी मिलिमीटरभरही नाही; १७८१ पासून आकाशातल्या शनीच्या आठच फेऱ्या पुऱ्या झाल्या आहेत. बटण दाबले की दिवा लागतो, या शिस्तीत वाढलेल्या मुलाला हे जड जाते. शेजारच्या खोल्यांत जुन्या दुर्बिणी आणि ग्रहमालेच्या छोट्या प्रतिकृती मांडल्या आहेत, तिथे त्याचा जीव रमतो.

कुटुंबांसाठी म्हणून जी विज्ञान केंद्रे आणि तारांगणे आता गावोगाव निघाली आहेत, त्यांनी या कंटाळ्यावर उपाय शोधलेले आहेत. उपाय सगळे सारखे नाहीत. सगळ्यात लांब रांग असते ती ‘चंद्रावर तुमचे वजन किती’ सांगणाऱ्या काट्यापुढे. तीस किलोचे पोर उभे राहते, काटा पाच दाखवतो, मंगळावर अकरा-साडेअकरा, गुरूवर पंचाहत्तरच्या आसपास. पोर खूश, बरोबरची आत्या चंद्रावर राहायला जायला तयार. पण हा काटा करतो काय, तर एक भागाकार. पाय तेच, जमीन तीच, हलके काहीच वाटत नाही; आणि गुरूला उभे राहण्यासारखी जमीनच नाही, हे तर तिथे कोणी सांगतही नाही. त्याच्या शेजारी बहुतेक ठिकाणी एक मोठे नसराळे असते. त्यात कडेने नाणे सोडले की ते गोल गोल फिरत, मध्याकडे जाताना वेग वाढवत शेवटी भोकात पडते. ते मात्र खरे. बुध शनीपेक्षा भरभर का पळतो, याची चुणूक हाताला तिथे मिळते. आर्माच्या वेधशाळेने, उत्तर आयर्लंडमध्ये, आणखी पुढची युक्ती केली: अंगणातच ग्रहांच्या कक्षा आखल्या आणि दर सोळा दिवसांच्या जागी एकेक चकती बसवली. मुलांनी ग्रह व्हायचे आणि टाळीच्या ठेक्यावर एकेक चकती पुढे जायचे. पृथ्वी झालेल्या मुलीची फेरी तेवीस पावलांत संपते, आणि गुरू झालेला मुलगा तेवढ्या वेळात थोडासाच पुढे गेलेला असतो.

महाराष्ट्रातल्या लहान तारांगणाची गोष्टही अशीच हातची आणि शाळेची आहे. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या आवारात कुसुमबाई मोतीचंद तारांगण उभे राहिले ते १९५४ मध्ये, मुंबईच्या नेहरू तारांगणाआधी तेवीस वर्षे. अष्टग्रही आली तेव्हा ते सात वर्षांचे झालेले होते. तिथला प्रक्षेपक स्पिट्झ बनावटीचा. आर्मंड स्पिट्झ या अमेरिकन गृहस्थाला झाइसची भिंगे आणि त्यांची किंमत शाळांच्या आवाक्याबाहेरची वाटली. त्याने १९४० च्या दशकात बारा सपाट पंचकोनी बाजूंचा एक पोकळ गोळा बनवला, त्याला ताऱ्यांच्या जागी बारीक भोके पाडली आणि आत एक दिवा लावला. बस्स. सपाट पत्र्याला भोक पाडणे सोपे, म्हणून बारा बाजू. हेच घरी करायचे तर बिस्किटांचा रिकामा डबा, खिळा, हातोडी आणि बॅटरी पुरते. सप्तर्षींची सात भोके पाडून डबा अंधाऱ्या खोलीत उलटा धरला, की छतावर सप्तर्षी उमटतात. जरा धूसर येतात, आणि डब्याला खिळा सरळ ठोकणे किती कठीण, तेही कळते. दहा हजारांचे सोडाच.

फ्रानेकरच्या खिळ्यांची कीर्ती व्हायला विद्यापीठातलाच एक माणूस कारण झाला. प्राध्यापक फान स्विंडेन याने १७८० मध्ये, यंत्र पुरे व्हायच्या आधीच, त्याचे वर्णन छापले. या फान स्विंडेनचे पुढे काय झाले, ते पट्टी हातात धरलेल्या नातवाला सांगण्याजोगे आहे. आइसिंगाने काम केले तेव्हा मिलिमीटर जन्मायचाच होता. मीटर ठरवला फ्रान्सने १७९० च्या दशकात, आणि त्याची लांबी पक्की करायला १७९८ मध्ये पॅरिसला जे शास्त्रज्ञ जमले, त्यांत हा फ्रानेकरचा जुना प्राध्यापक होता.

आइसिंगाचे दिवस मात्र पालटले. राजकारणात तो सत्ताधाऱ्यांविरुद्धच्या बाजूला होता. १७८७ मध्ये ती बाजू हरली आणि छतावर ग्रह टांगणाऱ्या माणसाला घर सोडून सीमेपलीकडे जर्मनीत पळावे लागले. तो परागंदा असतानाच पिट्ये वारली. आठेक वर्षांनी सत्ता फिरली, तो परतला, यंत्र पुन्हा नीट चालते केले. १८१८ मध्ये राजा पहिला विल्यम स्वतः बघायला आला, आणि १८२५ मध्ये त्याने हे घर सरकारसाठी विकत घेतले. आइसिंगा १८२८ पर्यंत जगला. गावातले विद्यापीठ त्याच्या आधीच, १८११ मध्ये, नेपोलियनच्या अमदानीत बंद पडले होते.

यंत्राला अजूनही माणूस लागतो. छतावरच्या पंचांगात २९ फेब्रुवारी नाही. लीप वर्षी तेवढा एक दिवस हाताने सांभाळून घ्यावा लागतो. वर्षाचे आकडे फळीवर रंगवलेले आहेत. फळी संपली की पुढची वर्षे नव्याने रंगवायची.

आणि युरेनस? १३ मार्च १७८१ रोजी, म्हणजे आइसिंगाचे काम संपत आले त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये बाथ गावात विल्यम हर्शेलने स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून सातवा ग्रह शोधला. हर्शेलही पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हता. वाद्ये वाजवून आणि शिकवण्या करून पोट भरणारा संगीतकार होता. आइसिंगाच्या प्रमाणात युरेनस सूर्यापासून दोन मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटरवर येतो. त्याचे वर्तुळ बसवायला पावणेसहा मीटर रुंद छत हवे. पलंगाची भिंत पाडूनही ते जमले नसते. छत सहा ग्रहांचेच राहिले.

खोलीत न मावणाऱ्या गोष्टींचा हिशेब परतीच्या गाडीत करता येतो. यान ऊर्ट हा थोर खगोलशास्त्रज्ञ १९०० मध्ये याच फ्रानेकरात जन्मला. धूमकेतू सूर्यमालेच्या पार बाहेरच्या एका प्रचंड मेघातून येत असावेत, ही कल्पना त्याने १९५० मध्ये मांडली, आणि त्या मेघाला त्याचेच नाव मिळाले. त्याची आतली कड आइसिंगाच्या मापाने साधारण तीनशे मीटरवर, म्हणजे गावातच कुठेतरी. बाहेरची कड पंधरा किलोमीटरवर. लेवार्डन सतरा किलोमीटर. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा चाळीस किलोमीटरवर, म्हणजे पार पुढे ड्राख्टनच्या आसपास, आणि मधल्या कुरणांत काही नाही, फक्त गायी.

“लेवार्डनपर्यंत किती पट्ट्या होतील, आजोबा?” असे कोणी विचारलेच, तर आजोबा खिशातले पेन काढून माहितीपत्रकाच्या कोऱ्या कडेवर सतरा किलोमीटरचे सेंटिमीटर मांडायला घेतात. शून्ये दोनदा मोजावी लागतात. उत्तर निघते एक लाख तेरा हजार, आणि तेवढ्यात स्टेशन येते.